शस्त्र कशासाठी हवे?

शस्त्र परवान्याच्या अर्जात नाव, पत्ता, वय आणि व्यवसाय यांच्यासोबत एक प्रश्न असतो: शस्त्र कशासाठी हवे? धाराशिव जिल्ह्यातल्या अर्जदाराचे सगळे भवितव्य या एका रकान्यावर ठरते. कोणी लिहितो, शेतातली वस्ती गावापासून लांब आहे. कोणी लिहितो, पंपाची रोकड रोज बँकेत न्यावी लागते. कोणी रानडुकरांचे कारण देतो. मग अर्ज पोलीस ठाण्याकडे जातो, चौकशी होते, अहवाल येतो आणि जिल्हाधिकारी निर्णय देतात. कारण पटले नाही तर परवाना मिळत नाही.

अमेरिकेत घरात बंदूक ठेवायला कारण विचारत नाहीत. न्यूयॉर्क राज्यात पिस्तूल अंगावर बाळगून बाहेर पडायचे असेल तर 'योग्य कारण' दाखवावे लागे. शंभरावर वर्षे चाललेली ही अट जून २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. हक्क वापरण्यासाठी नागरिकाने सरकारला कारण का सांगायचे, असा त्या निकालाचा रोख होता. आपल्याकडे कारण नागरिक सांगतो. तिकडे बंदूक नाकारायची तर कारण सरकारने द्यायचे. एवढा फरक का पडला, ते समजायला दोन्हीकडचा इतिहास पाहावा लागतो आणि पैशाचा हिशेबही.

आधी अमेरिकन बंदूकवाल्याचे म्हणणे ऐकू. टेक्सास किंवा ओहायोतल्या अशा गृहस्थाशी बोलणे सुरू झाले, की गोष्ट १९ एप्रिल १७७५ वर येते. मॅसॅच्युसेट्समधल्या काँकर्ड गावी वसाहतवाल्यांनी साठवलेली शस्त्रे जप्त करायला ब्रिटिश फौज निघाली, लेक्सिंग्टनला गोळी सुटली आणि स्वातंत्र्ययुद्ध पेटले. म्हणजे त्या देशाचा जन्मच शस्त्रे काढून घेण्याला झालेल्या विरोधातून झाला, असे तो मानतो. १७९१ ची दुसरी घटनादुरुस्ती त्याला तोंडपाठ असते. तिच्यात शिस्तबद्ध नागरी सेनेचाही उल्लेख आहे, त्यामुळे हा हक्क सेनेचा की एकेका माणसाचा, यावर दोन शतके वाद चालला. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो व्यक्तीचा हक्क ठरवला.

पैशाबद्दलही त्याचे मत याच अविश्वासातून येते. एप्रिल १९३३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी नागरिकांना सोन्याची नाणी आणि लगडी सरकारजमा करायला लावल्या. तेव्हा सोन्याचा भाव औंसाला २०.६७ डॉलर होता. पुढच्याच वर्षी सरकारने तो ३५ डॉलर केला. १५ ऑगस्ट १९७१ रोजी निक्सन यांनी परदेशी सरकारांना डॉलरच्या बदल्यात सोने देणेही थांबवले. यावरून तो निष्कर्ष काढतो, की जे सरकार कायद्याने सोने घेऊ शकते ते एक दिवस बंदूकही घेईल, म्हणून दोन्ही घरात असलेली बरी. कडक कायद्याची भाषा करणारा उमेदवार निवडून येण्याची चिन्हे दिसली, की दुकानांतला खप वाढतो. भीती जितकी मोठी तितका व्यापार मोठा. या व्यापारातून एक चांगली गोष्टही घडते. १९३७ च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसांवर १० ते ११ टक्के कर बसतो आणि तो पैसा वन्यजीव संवर्धनाला जातो.

त्याच्या इतिहासातून काही पाने मात्र गळालेली असतात. दक्षिणेतल्या अनेक राज्यांत काळ्या माणसाला बंदूक बाळगायला कायद्यानेच बंदी होती. १९६७ मध्ये ब्लॅक पँथर संघटनेचे तरुण कॅलिफोर्नियात उघडपणे बंदुका घेऊन फिरू लागले, तेव्हा भरलेली बंदूक रस्त्यावर नेण्यास मनाई करणारा कायदा झटपट झाला. त्यावर सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन. पुढे हेच बंदूकवाल्यांचे लाडके राष्ट्राध्यक्ष झाले. आजचे चित्र असे: २०१७ च्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार अमेरिकेत नागरिकांकडे सुमारे ३९ कोटी ३० लाख बंदुका होत्या, म्हणजे दर शंभर माणसांमागे १२०. २०२१ साली गोळी लागून ४८ हजारांहून अधिक माणसे मेली आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. बंदूक जीव घेते तेव्हा तो निम्म्याहून अधिक वेळा चालवणाऱ्याचा स्वतःचाच असतो, असा या आकड्यांचा अर्थ आहे.

आता आपल्याकडे वळू. १८५७ चा उठाव मोडल्यावर इंग्रजांनी गावोगावची शस्त्रे गोळा केली. १८७८ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या काळात शस्त्र कायदा आला. परवान्याशिवाय हिंदी माणसाने बंदूकच काय, तलवारही बाळगायची नाही. युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. त्याच वर्षी देशी भाषांतल्या वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदाही लिटन यांनीच आणला. लेखणी आणि शस्त्र यांची भीती त्यांना एकदमच वाटली. पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाने पुणे-सातारा भाग हलवून सोडला. काँग्रेसच्या अगदी सुरुवातीच्या अधिवेशनांपासून हा कायदा सैल करण्याची मागणी होत राहिली. १९३१ च्या कराची ठरावात नागरिकाच्या मूलभूत हक्कांची यादी केली, तेव्हा नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्कही तिच्यात घातला गेला. आज हे फारसे कोणाला आठवत नाही.

तो हक्क राज्यघटनेत का आला नाही? १ आणि २ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत स्वातंत्र्यविषयक कलमावर चर्चा चालू होती. हरि विष्णु कामत यांनी कराचीचा दाखला देत शस्त्र बाळगण्याचा हक्क त्या कलमात घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती नाकारली. इंग्रजांनी अख्ख्या देशाला निःशस्त्र केले तेव्हाची मागणी समजण्यासारखी होती, पण आता परिस्थिती बदलली आहे, सरसकट सगळ्यांना हा हक्क दिला तर गुन्हेगारालाही द्यावा लागेल आणि राज्याच्या हाती नियंत्रण उरणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. व्यक्तीच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्कापेक्षा देशासाठी शस्त्र धरण्याच्या कर्तव्यावर भर द्यायला हवा, असेही त्यांनी सांगितले. दुरुस्ती फेटाळली गेली.

परिस्थिती म्हणजे काय, हे त्या आठवड्यात कोठे पाहायचे असते तर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात असलेल्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात पाहावे लागले असते. दिल्लीत ही चर्चा चालू होती तेव्हाच पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांची समिती हैदराबाद संस्थानात फिरत होती. सप्टेंबरमधल्या लष्करी कारवाईनंतर तिथल्या जिल्ह्यांत काय घडले, याची चौकशी सरकारनेच तिच्याकडे सोपवली होती.

या जिल्ह्याची बंदुकीशी ओळख जुनीच आहे. परंड्याच्या किल्ल्यात आजही तोफा आहेत आणि विजापुरात पर्यटकांना दाखवतात ती अवाढव्य मुलूख-ए-मैदान तोफ १६३२ मध्ये विजापूरला नेण्यापूर्वी परंड्यालाच होती. पण सामान्य माणसाच्या दारात बंदूक आली ती १९४७-४८ मध्ये. तेव्हा लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातलेच गाव होते. स्वतंत्र लातूर जिल्हा १९८२ मध्ये झाला. याच लातुरात वकिली करणारा कासिम रझवी इत्तेहादुल मुसलमीनचा अध्यक्ष झाला आणि रझाकार नावाचे खासगी सैन्य त्याने संस्थानभर उभे केले. रझाकार गावात शिरले, की लूट, जाळपोळ आणि खून होत. त्यांना जाब विचारणारे कोणी नव्हते, कारण निजाम सरकारनेच डोळेझाक केली होती. पलीकडे, संस्थानाच्या हद्दीबाहेरच्या बार्शी आणि सोलापूर भागात हैदराबाद स्टेट काँग्रेसचे सरहद्दीवरचे कॅम्प उभे राहिले. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालच्या या लढ्यात सत्याग्रहापाठोपाठ बंदुकाही आल्या. गावकऱ्यांनी कुऱ्हाडी, गोफणी आणि ठासणीच्या बंदुका घेऊन रझाकारांशी सामना केल्याच्या हकिकती मराठवाड्यातल्या जुन्या पिढीच्या तोंडी होत्या.

बंदुका फुकट येत नाहीत. नोव्हेंबर १९४७ ते सप्टेंबर १९४८ या दहा महिन्यांतली पैशाची गोष्ट गोळीबाराइतकीच बोलकी आहे. निजामाचे चलन वेगळे होते. सात हाली शिक्का रुपयांना सहा कलदार, म्हणजे भारतीय रुपये, असा साधारण हिशेब असे. नोव्हेंबर १९४७ मध्ये भारताशी 'जैसे थे' करार झाला आणि लगेच निजाम सरकारने वटहुकूम काढून संस्थानात भारतीय चलन बेकायदा ठरवले आणि मौल्यवान धातू बाहेर नेण्यावर बंदी घातली. त्याच सुमारास पाकिस्तानला २० कोटी रुपयांचे कर्ज भारत सरकारच्या रोख्यांच्या रूपात दिले गेले. इकडे ३० जानेवारी १९४८ रोजी स्वातंत्र्यसैनिकांनी नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लुटली आणि ती रक्कम लढ्याला वापरली.

शस्त्रे आणणारा माणूस ऑस्ट्रेलियन होता. सिडनी कॉटन नावाच्या या वैमानिकाने १९४८ मध्ये कराचीहून रात्रीच्या विमानफेऱ्या करून हैदराबादेत शस्त्रे उतरवली. पुढे लंडनच्या न्यायालयाने त्याला या उद्योगाबद्दल २०० पौंड दंड केला. संस्थानात भारतीय फौजांची आगेकूच चालू असताना, १६ सप्टेंबर १९४८ च्या सुमारास, निजामाच्या लंडनमधल्या खात्यातून दहा लाख पौंडांहून थोडी अधिक रक्कम पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या नावे वळवण्यात आली. निजामाने ती परत मागितली, बँकेने गोठवली आणि वाद एकाहत्तर वर्षे चालला. हा पैसा शस्त्रपुरवठ्याशी जोडलेला होता, असाही एक युक्तिवाद पाकिस्तानने केला. २ ऑक्टोबर २०१९ रोजी न्या. मार्कस स्मिथ यांनी पाकिस्तानचा दावा फेटाळून रक्कम भारत आणि निजामाचे वारस यांची ठरवली. व्याजासह ती तोवर सुमारे साडेतीन कोटी पौंडांवर गेली होती.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा सोलापूरकडून संस्थानात शिरल्या. पहिला मोठा टप्पा नळदुर्ग. बोरी नदीवरचा पूल आणि किल्ला पहिल्याच दिवशी हाती आला. तुळजापूर, जळकोट, उमरगा असे करत जनरल जे. एन. चौधरी यांच्या तुकड्या पुढे गेल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. मराठवाडा मुक्त झाला. हा दिवस आपण दरवर्षी साजरा करतो आणि तो साजरा करण्याजोगाच आहे.

पण त्यानंतरचे आठवडे साजरे करण्याजोगे नव्हते. रझाकारांचा सूड त्यांच्याशी काही संबंध नसलेल्या मुसलमान शेतकरी, विणकर आणि व्यापारी कुटुंबांवर उगवला गेला. सुंदरलाल समितीने सगळ्या संस्थानातल्या बळींचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला आणि सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव घातले. बाकीचे तीन गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. हा अहवाल सरकारने कित्येक दशके प्रसिद्ध केला नाही. त्या अंदाजावर अभ्यासकांत मतभेद आहेत, हत्या झाल्या याबद्दल नाहीत. एका वर्षात दोन वेळा, दोन वेगवेगळ्या बाजूंनी, या जिल्ह्याने एकच गोष्ट पाहिली. शस्त्र कोणाच्या हाती आहे एवढ्याने माणूस सुरक्षित होत नाही. त्या हाताला जाब विचारणारा कायदा उरला आहे का, यावर सगळे ठरते.

म्हणून स्वतंत्र भारताने मधला मार्ग काढला. १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. वंशावरून सूट गेली. कायदा पाळणाऱ्या नागरिकाला गरजेपुरते शस्त्र मिळावे, हा त्याचा जाहीर हेतू होता. यातली एक तरतूद शेतकऱ्याला माहीत असावी अशी आहे. पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक आणि संरक्षणासाठी किंवा नेमबाजीसाठी वीस इंचांपेक्षा कमी नसलेल्या नळीची साधी बंदूक, म्हणजे आपली बारा बोअर, यांच्याकडे कायदा रिव्हॉल्व्हरपेक्षा सौम्य नजरेने पाहतो. पण पिकासाठी बंदूक मिळाली म्हणजे शिकारीची मुभा मिळाली, असे नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा वेगळा आहे आणि तो अधिक कडक आहे. येडशी-रामलिंग अभयारण्य असलेल्या आणि २०२४ च्या अखेरीस टिपेश्वरहून चालत आलेला वाघ पाहिलेल्या या जिल्ह्यात ही गोष्ट विसरून चालत नाही.

२०१६ च्या नियमांनी अर्ज ऑनलाइन केला, प्रत्येक परवान्याला देशव्यापी ओळख क्रमांक दिला आणि शस्त्र सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षण सक्तीचे केले. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे केली. वरातीत किंवा विजयी मिरवणुकीत हवेत गोळी झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. निवडणूक जाहीर झाली की नवे परवाने थांबतात. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांची छाननी समिती कोणाचे शस्त्र ठाण्यात जमा करायचे ते ठरवते. मतदानाच्या काळात बंदूक सरकारजमा करणे अमेरिकन बंदूकवाल्याला हुकूमशाहीचा पुरावा वाटेल. आपल्याकडे ती मतदाराची सोय आहे.

वारसाचा नियमही नीट ठाऊक नसतो. परवानाधारक वारला, की त्याची बंदूक आपोआप मुलाची होत नाही. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने स्वतःच्या नावे परवाना मागायचा असतो. आजोबांची बंदूक माळ्यावर पडून आहे, असे म्हणणारी कुटुंबे नकळत बेकायदा शस्त्र बाळगत असतात.

अमेरिकेत गेलेल्या मराठी मुलांनाही नियमांबद्दलची अशीच गफलत महागात पडू शकते. दुसरी घटनादुरुस्ती सगळ्यांसाठी आहे, असे मानून कोणी दुकानात जाऊ नये. ग्रीन कार्ड असेल तर बंदूक विकत घेता येते. विद्यार्थी किंवा एच-१बी व्हिसावर असलेल्याला मात्र शिकारीचा वैध परवाना अशासारखे मोजके अपवाद सोडले तर ती बाळगणे हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. दुकानात भरून द्यायच्या अर्जात हा प्रश्न स्पष्ट असतो. म्हणजे त्या देशातही प्रश्न विचारतात. फक्त 'कशासाठी' न विचारता 'तुम्ही कोण' एवढेच विचारतात.

आपल्या देशात कारण न सांगता बंदूक मिळणारा एक समाजही आहे. कर्नाटकातल्या कोडगू जिल्ह्यातील कोडव आणि जम्मा जमीनधारक यांना इंग्रजांच्या काळापासून परवान्यातून सूट आहे आणि केंद्र सरकारने ती २०२९ पर्यंत वाढवली आहे. तिथे बंदुकीची पूजा होते, तिचा सण असतो. पण हा अपवाद एका समाजाच्या परंपरेपुरता आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये बेकायदा शस्त्रांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेताना सर्वोच्च न्यायालयाने आठवण करून दिली, की अमेरिकेप्रमाणे शस्त्र बाळगणे हा आपल्याकडे मूलभूत हक्क नाही.

मग आपली पद्धत निर्दोष आहे का? तीही नाही. २०१७ च्या त्याच अंदाजानुसार भारतात नागरिकांकडे सुमारे ७ कोटी १० लाख बंदुका होत्या आणि त्यांतल्या एक कोटीहून कमी नोंदलेल्या होत्या. म्हणजे दर सातांपैकी सहा बंदुकांनी कोणालाही कारण सांगितलेले नाही. गावठी कट्टा विकणारा अर्ज मागत नाही. १९८० च्या दशकात खासगी आयातीवर बंदी आल्यापासून जुन्या विलायती रिव्हॉल्व्हरचे भाव चढे आहेत आणि सरकारी कारखान्याचे ०.३२ बोअरचे रिव्हॉल्व्हरही लाखाच्या घरात जाते. त्यामुळे परवाना ही गरजेपेक्षा ऐपतीची आणि वजनाची खूण बनते. शेजारच्या बीडमध्ये डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला. त्यानंतर त्या एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक परवाने असल्याचे समोर आले. प्रशासनाने फेरतपासणी करून शेकडो रद्द केले. इतके परवाने रद्द होण्याजोगे होते, तर ते देताना त्या रकान्यातली कारणे कोणी वाचली होती?

अमेरिकन बंदूकवाला सरकारवर अविश्वास ठेवतो, हे समजण्यासारखे आहे. सरकारवर डोळे मिटून विश्वास ठेवा, असे मराठवाड्याचा इतिहासही सांगत नाही. १९४८ मध्ये इथल्या सरकारनेच खासगी टोळ्यांना मोकळे सोडले होते. पण त्या अविश्वासावर उतारा म्हणून घरोघरी बंदूक ठेवण्याचा अमेरिकन मार्ग या मातीत दुसऱ्या बाजूच्या टोळ्या तयार करतो, हेही त्याच वर्षाने दाखवले. उतारा एकच: परवाना देणाऱ्यालाच जाब विचारायचा. जिल्ह्यात किती परवाने आहेत, कोणत्या तालुक्यात किती, पीकसंरक्षणाचे किती, व्यवसायाचे किती, वर्षभरात किती नाकारले आणि किती रद्द केले, हे आकडे कोणाचेही नाव न घेता जाहीर करता येतात. माहिती अधिकाराचा अर्ज करून ते कोणीही मागू शकतो. धाराशिवच्या वाचकांनी, पत्रकारांनी आणि ग्रामसभांनी दरवर्षी ते मागावेत. अर्जदाराला 'कशासाठी' विचारणाऱ्या सरकारला 'कोणाला आणि का दिले' हे विचारण्याचा हक्क नागरिकाला आहे, आणि तो वापरायला परवाना लागत नाही.